भभूत धुणारी

माझी बायको वैशाखात गेली. तिच्या तेरवीला, पंगत बसली असताना, माझ्या पोरानं चारचौघांत एक वाक्य म्हटलं. ते वाक्य त्यानं मागे घ्यावं, एवढंच मला पाहिजे. घर त्याचंच आहे, भाकरी सून देते, अंगावर कपडा आहे. पण ते वाक्य कानात बसलं आहे, आणि ते निघत नाही तोवर मला एका जागी बसवत नाही.

वाक्य सांगतो. पण त्याआधी आमच्या गावचं सांगावं लागते, नाहीतर बाहेरच्याला वाटेल बुढा येडा झाला.

पांढुर्ण्याला जाम नदी आहे. अल्याड पांढुर्णा, पल्याड सावरगाव. पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी नदीच्या मधात पळसाचं झाड गाडतात, त्याला झेंडा बांधतात, आणि दोन्ही काठांवरचे लोक दिवसभर एकमेकांना गोटे मारतात. पांढुर्णेवाल्यांनी झाड तोडून आणायचं, सावरगाववाल्यांनी ते राखायचं. गोटे म्हणजे दगडच, दुसरं काही नाही. जुने लोक सांगतात की इकडचा पोरगा तिकडच्या पोरीला पळवून नेत होता, नदीत दोघांना दोन्हीकडून गोटे बसले आणि दोघंही मेले. त्याची ही आठवण. मरणाची आठवण मारून करायची, असं दुसरीकडे कुठं होत असेल तर मला माहीत नाही. झाड पडलं की ते चंडी देवीच्या देवळात नेतात, दोन्ही गावं पाया पडतात आणि घरी जातात. यालाच गोटमार म्हणतात.

डोकं फुटलं तर देवळातली भभूत, म्हणजे राख, जखमेत दाबायची आणि पुन्हा नदीवर जायचं. देवीचा प्रसाद लागला, आता काही होत नाही, असं मानतात. पट्टी बांधणं भेकडाचं काम.

मी चौथी शिकलो. जन्म जिनिंगमध्ये गेला, रेच्यात, म्हणजे सरकी काढायच्या यंत्रात, कापूस टाकण्यात. रुई इकडं, सरकी तिकडं. मला धर्मातलं फार समजत नाही. पण मोबाइलवर आजकाल जे येते ते पोरगा मोठ्या आवाजात लावते म्हणून कानावर पडते. हा धर्म त्या धर्माला मारून राहिला, ते लोक असे, हे लोक तसे. मी मनात म्हणतो, मारायला दोन धर्म कायले लागतात? आमच्या इथं देवी एक, बोली एक, जात एक, सोयरीक एक. सावरगावच्या पोरी इकडं दिलेल्या, इकडच्या तिकडं. फक्त मधात पाणी आहे, गुडघाभर.

मीही गोटे फेकले आहेत. आमच्या वयात न फेकणारा पोट्टा नव्हताच. खरं सांगतो, गोटा सुटला की हात हलका होतो. तो हलकेपणा माणसाला आवडते. समोर कोण आहे ते त्या वेळी दिसत नाही, फक्त डोकी दिसतात. आणि मागं गच्च्यांवर बाया-लेकरं उभी असतात, भजे खातात, कोणाला गोटा बसला की टाळी पडते. फेकणाऱ्यापेक्षा मला ते टाळी वाजवणारे जास्त आठवतात. फेकणाऱ्याच्या अंगात काहीतरी आलेलं असते म्हणू. टाळी वाजवणाऱ्याच्या अंगात काय आलेलं असते? तो तर बसून भजे खाऊन राहिला.

माझी बायको सावरगावची. वरात पुलावरून आणली. लग्नाच्या आधीच्या वर्षी तिचा लहान भाऊ गोटमारीत गेला होता. कानाच्या वर गोटा बसला, लोकांनी भभूत दाबली, रक्त थांबलं. पोरगा हसत घरी आला, जेवला, म्हणाला डोकं जड वाटते, झोपतो. मग उठलाच नाही. वरून बंद झालं होतं, आत चालूच होतं. ही गोष्ट तिनं मला लग्नानंतर एकदाच सांगितली, भाकर थापता थापता. तव्यावरची भाकर जळून गेली, तरी उलटवली नाही.

माझ्या सासूनं दुसऱ्याच वर्षी देवीला नारळ वाहिलं. मी नवीन जावई होतो, तरी तोंड आवरलं नाही. म्हटलं, मामी, ज्या देवीच्या दारात पोरगा गेला तिलाच नारळ? सासू म्हणाली, "नाई वाह्यलं तं मंग माहा पोरगा कायच्यासाठी गेला म्हणू, जवाईबुवा?" लोक म्हणतात, ज्याचं जळलं नाही तोच देवाच्या नावानं दुसऱ्याला जाळायला निघते. पण माझ्या सासूचं तर जळलं होतं.

बायकोनं मात्र नारळ वाहिलं नाही. तिनं दुसरंच धरलं. आमचं घर नदीच्या रस्त्यावर आहे. देवळाकडून येणारे जखमी दारावरून जातात. पोळ्याच्या संध्याकाळी, बैलाची पूजा झाली की ती आपलं एक जुनं लुगडं काढायची, दातानं काठ तोडायची आणि पट्ट्या फाडायची. गंजात, म्हणजे मोठ्या पातेल्यात, पाणी उकळून त्या पट्ट्या त्यात टाकायची. दुसऱ्या दिवशी सकाळपासून दारात पाटावर बसायची, बाजूला पाण्याची घागर, गडवा म्हणजे तांब्या, आणि पट्ट्यांची टोपली. कोणी डोकं धरून दिसला की हाक मारायची, "ये रे बाबू, इकडं ये." सावरगावचा का पांढुर्ण्याचा, विचारत नव्हती. पहिलं काम, भभूत धुवायची. गडव्यावर गडवा ओतायची, राख पूर्ण निघेपर्यंत. मग पाहायची जखम किती खोल आहे. खोल असली तर दवाखान्यात जा म्हणायची, नाही गेला तर शिव्या द्यायची.

मी एकदा जिनमधून चांगली साफ रुई आणली. म्हटलं, हे लाव, नरम आहे. म्हणाली, "रुई चिकटते. काढताना पुन्हा रक्त निघते. तुमचं जिन राहू द्या तिकडंच." लुगडंच लागायचं तिला. एका वर्षी तिगावचा एक हमाल आला होता, डोळ्याच्या वर फुटलेला. पट्टी बांधून घेतली आणि म्हणाला, "काकू, या पट्टीले हळदीचा वास येऊन राहिला." ती म्हणाली, "मंग काय अत्तराचा येईल? तुह्या काकानं आणून देल्लं नाई कधी." सगळे हसले, मीपण.

पण सगळेच हसत नव्हते. तोंडावर नाही, पण मागं बोलायचे. देवीचा प्रसाद नालीत वाहवते. तिकडची आहे म्हणून आमच्या देवीची चीड. एकदा कोणीतरी आमच्या दारावर शेण फेकलं. तिनं ते झाडून अंगण सारवायला घेतलं. म्हणाली, "फुकटचं आलं, वाया कायले जाऊ देऊ?"

हे सगळं चालून गेलं असतं. गावात कोण कोणाला बोलत नाही? पण पोरगा मोठा झाला आणि गोष्ट घरात आली.

पोरगा वाईट नाही. बसस्टँडजवळ त्याचं मोबाइल दुरुस्तीचं दुकान आहे, दारू पीत नाही, बायकोवर हात उचलत नाही. पण मागच्या काही वर्षांत एका मंडळात जाऊ लागला. कपाळाला मोठा टिळा, मनगटाला धागे, आणि प्रत्येक गोष्टीत देवी. देवीला हे चालत नाही, देवीला ते चालत नाही. मी म्हणायचो, देवी तुझ्याशी बोलते का? मला तर ती कधी भेटली नाही, मी तिच्याच गावचा. तो चिडायचा. सरकारनं मधात रबराचे गोळे वाटून पाहिले, दगडाऐवजी ते फेका म्हणून. तेव्हा हाच पोरगा सगळ्यात पुढं होता, गोळे नालीत फेकायला. म्हणाला, देवीचा अपमान आहे.

आईनं दारात बसू नये म्हणून त्यानं दोन-तीन वर्षं वाद घातला. मंडळातले लोक त्याला टोमणे मारायचे ना. तुझीच माय प्रसाद धुते आणि तू आम्हाला धरम सांगतो. एका वर्षी त्यानं घागरच उचलून आत ठेवली. तिनं शेजारणीची घागर मागून आणली आणि बसली.

मग या वैशाखात तिचं हृदय थांबलं. आधी दम लागायचा, नागपूरला दाखवलं होतं, गोळ्या चालू होत्या. सकाळी चूल पेटवायला वाकली आणि तिथंच बसली. बसली ती बसलीच.

तेरवीला पंगत बसली होती. मी पोरासमोरच होतो. त्याच्या मंडळातला एक जण, पानठेलेवाला, हळूच म्हणाला, बुढी चांगली होती पण अशी अचानक कशी गेली. आणि माझा पोरगा वरणभात कालवत म्हणाला, "मायनं देवीचा प्रसाद पायाखाली वाहवला. देवी ठेवते का मंग?"

हेच ते वाक्य.

मी ताट सरकवून उठलो. बायकोच्या तेरवीच्या पंगतीतून नवरा अर्धपोटी उठला, हे लोकांनी पाहिलं. पाहू द्या. हात न धुता बाहेर आलो, आणि दुसऱ्या दिवशी सौंसरला पोरीकडे गेलो.

सौंसरला पोरीचं घर बरं आहे. जावई साधा माणूस, शेत आहे, संत्र्याचा बगीचा आहे. पोरगी म्हणाली, बाबा, राहा इथंच. राहिलो. पण मला जागा सापडत नव्हती. सकाळी बगीच्यात जायचो, झाडाखाली बसायचो, उठायचो, दुसऱ्या झाडाखाली बसायचो. झाडांना फळ लागलेलं, हिरवंगार, लहान. जावई म्हणायचा, मामाजी, पानं मोजून राहिले का? मग मी बसस्टँडवर जायला लागलो. तिथं बाकावर बसलं की छिंदवाड्याची गाडी लागते, नागपूरची लागते, पांढुर्ण्याची लागते. पांढुर्ण्याची लागली की मी उठून उभा राहायचो आणि ती निघाली की बसायचो. तिथल्या चहावाल्यानं एकदा विचारलं, "बुढेबाबा, कोणाची वाट पाहता?" म्हटलं, कोणाची नाही. म्हणाला, "मंग रोज उभं कायले राह्यता? गाडीले काय सलामी देता?"

मनात एकच चालायचं. आई मेल्यावर पोरानं असं कसं म्हटलं? कधी वाटायचं, जाऊन त्याच्या कानाखाली द्यावी. कधी वाटायचं, त्याला विचारावं, तुझ्या देवीला एवढ्या वर्षांत रागवायला वेळ नव्हता का? माझी बायको ज्वान होती तेव्हा ती भभूत धुवायला लागली, बुढी झाली तोवर धूत राहिली. एवढा उशीर? कधी मग सासूचं नारळ आठवायचं, आणि राग तिथंच थोडा अडकायचा.

पोळा आला. पोरीकडे बैल सजवले, पुरणपोळी झाली. माझी ताटातच राहिली. संध्याकाळी मी पेटी उघडली. बायकोची लुगडी तेरवीनंतर पोरीनं आणि सुनेनं बायांना वाटून दिली होती, रीत आहे तशी. एक मी मागून घेतलं होतं, हिरव्या काठाचं, ती घरात रोज नेसायची ते. ते काढलं आणि दातानं काठ तोडायला लागलो. माझे दात कुठं आता, सुटेना. पोरगी आली.

"बाबा, हे काय करून राह्यले?"

"पट्ट्या."

"मायचं शेवटचं लुगडं होय ते."

"तुही माय दर वर्षी एक फाडे. तिले नाई वाटलं काही."

ती उभी राहिली. रडेल असं वाटलं. मग माझ्या हातातून लुगडं घेतलं, आतून कात्री आणली आणि बसली. अर्धंच फाडलं. अर्धं तिनं घडी करून माझ्या पेटीत ठेवलं. रात्री गंज चुलीवर चढवला.

सकाळी पट्ट्या पिशवीत घेऊन पहिल्या गाडीनं निघालो. पोरानं बोलावलं नव्हतं, मीही त्याच्यासाठी निघालो नव्हतो. म्हटलं, ती नाही तर पाटावर मी बसीन. तिची जागा रिकामी दिसली की लोकांना वाटेल देवी जिंकली.

गाडी गावाबाहेरच थांबवली, पुढं पोलिसांनी रस्ता बंद केला होता. पायी गेलो. नदीकडून आवाज येत होता. ज्यानं ऐकला त्यालाच समजते, ढोल आणि ओरडणं आणि त्याच्या मधात गोट्यावर गोटा आपटल्याचा. घरी पोचलो तर सून दारात उभी. मला पाहिलं आणि तिला रडू फुटलं. तिच्या बोलण्यातून एवढं समजलं की पोराच्या डोक्याला गोटा बसला, दोस्तांनी देवळात नेलं, सरकारी डॉक्टरांचा तंबू वाटेतच होता पण हा तिकडं जायला तयार नाही. ती स्वतः गेली होती, तर मंडळवाल्यांनी म्हटलं, वहिनी, तुम्ही घरी जा, प्रसाद लागला आहे.

मी पिशवी तशीच घेऊन देवळात गेलो.

पोरगा खांबाला टेकून बसला होता. केसात राख गच्च, रक्तानं काळी झालेली, कानामागून मानेपर्यंत ओघळ आलेला. कानाच्या वरच लागलं होतं. मला पाहून हसला. मी जवळ गेलो तर बाजूला ओकलेलं दिसलं. हा दारू पीत नाही, हे मी वर सांगितलं आहे.

"बाबा, तुम्ही कधी आले?" त्यानं विचारलं. मी सांगितलं. थोड्या वेळानं पुन्हा तेच विचारलं, आणि जीभ जड झाल्यासारखी. म्हणाला, डोकं जड वाटते, थोडा पडतो मी.

माझ्या मेलेल्या साळ्याला मी कधी पाहिलं नव्हतं. पण त्या घडीला मला तो समोर दिसला.

मी नळावरून गडवा भरून आणला. पानठेलेवाला आणि दोघं-तिघं तिथं होते. म्हणाले, काका, प्रसाद लागला आहे, आता काही होत नाही, पाणी कायले? मी ओतलं. पोरानं हात वर केला, "राहू द्या ना बाबा." त्या हातात जोर नव्हता. मी त्याचा हात खाली केला आणि पुन्हा ओतलं. राखेचं पाणी फरशीवरून देवळाच्या नालीत गेलं, आधी काळं, मग लाल.

पानठेलेवाल्यानं माझं मनगट धरलं. "काका, बुढीसारखंच करता का तुम्ही बी? तिचं काय झालं ते पाह्यलं ना?"

"तिचं वय झालं होतं," मी म्हटलं. "याचं नाई झालं. सोड."

त्यानं सोडलं नाही. आम्ही दोघं तसेच उभे, माझं मनगट त्याच्या हातात, गडवा माझ्या हातात. आजूबाजूला लोक जमले. कोणी म्हणालं, बुढ्याला बाहेर काढा. कोणी म्हणालं, देवळात असं चालत नाही. मी त्यांच्या तोंडाकडं पाहत होतो. सगळे ओळखीचे. यातल्या कितीतरी जणांची डोकी लहानपणी माझ्या बायकोनं धुतली होती. एकानं माझ्या डोळ्यात पाहिलं आणि दुसरीकडं पाहायला लागला. मला त्या घडीला वाटलं, यांच्यात कोणी राक्षस नाही. एकेकटा भेटला तर चहा पाजेल. पण दहा मिळून एका पोराला मरू देतील, आणि मग त्याच्या तेरवीला जेवायला येतील, वरण चांगलं झालं म्हणतील.

तेवढ्यात पोरगा खांबावरून सरकला आणि आडवा झाला. डोळे अर्धे उघडे. पानठेलेवाल्यानं खाली पाहिलं. माझं मनगट सुटलं. त्यानं सोडलं का आपोआप सुटलं, ते सांगता येत नाही.

मी उरलेली राख काढली. आत पांढरं दिसलं. तिच्या लुगड्याची पट्टी घट्ट बांधली, तिच्यावर दुसरी. बांधता मला कधी येत नव्हतं, पण एवढी वर्षं पाहिलं होतं. मग म्हटलं, "आता उचलता, का देवी उचलंल?" पानठेलेवाल्यानंच पाय धरले.

तंबूतल्या डॉक्टरनं डोळ्यात बॅटरी मारली आणि लगेच गाडी बोलावली. नागपूर. सून गाडीत पुढं बसली, मी मागं त्याच्याजवळ. डॉक्टर म्हणाला होता याला झोपू देऊ नका, म्हणून मी वाटभर त्याच्याशी बोलत राहिलो. काय बोललो ते आठवत नाही. जिनातलं काहीतरी, बैलाचं काहीतरी. एकदा त्यानं विचारलं, माय कुठं आहे? मी म्हटलं, घरी आहे, दारात बसली आहे.

नागपूरला कवटीला भोक पाडून आतलं रक्त काढलं. तिथल्या डॉक्टरनं एवढंच सांगितलं की संध्याकाळ झाली असती तर काही खरं नव्हतं.

पोरगा वाचला. आता घरी आहे, डोक्यावर टक्कल, त्यावर टाक्यांची कमान. चालते, बोलते, कधी एखादा शब्द शोधावा लागते. मी सौंसरला परत गेलो नाही, माझी पेटी जावई इकडं आणून देऊन गेला. पोरीचा फोन येते, म्हणते या आता. येतो म्हणतो.

पाहायला लोक येतात. नारळ आणतात, त्याच्या पाया पडतात, जसं काही तो लढाई जिंकून आला. सगळ्यांचं एकच. देवीनं वाचवलं. प्रसाद लागला म्हणून वाचला. मी आतल्या खोलीत बसून ऐकतो. पहिले काही दिवस तोंड उघडावं वाटायचं. मग वाटलं, कोणाकोणाला सांगू? डॉक्टरनं वाचवलं असं म्हटलं तर म्हणतील डॉक्टरला देवीनं बुद्धी दिली. ज्याच्याजवळ सगळ्याचं उत्तर आहे त्याच्याशी बोलून काय होते? मला तर एकाही गोष्टीचं उत्तर येत नाही.

परवा पानठेलेवाला आला, मंडळातले दोघं सोबत. मी ओसरीवरच होतो. पानठेलेवाला माझ्याकडं न पाहता म्हणाला, भाऊ, देवीची कृपा पाहा, भभूतीनं तुले वाचवलं, पुढच्या वर्षी झाडाले पहिला हात तुहाच लागला पाह्यजे.

पोरगा डोक्यावरच्या टाक्यांवरून बोट फिरवत राहिला. शब्द शोधत असेल असं वाटलं. मग म्हणाला, "भभूत तं बाबानं धुऊन टाकली होती."

पानठेलेवाला चहात फुंकर मारत म्हणाला, देवी मोठी आहे, माफ करते. चहा पिऊन गेले.

मी तेव्हापासून हेच घोकून राहिलो. त्यानं ते कसं म्हटलं? तक्रार केली, का साक्ष दिली? आवाजावरून काही समजलं नाही. तोंडावरून तर नाहीच, ऑपरेशनपासून त्याचं तोंड एका बाजूनं थोडं वाकडं राहते. विचारावं वाटते. विचारलं आणि तो म्हणाला, तुम्ही देवीचा अपमान केला हेच सांगत होतो, तर? मग मी कुठं जाऊ? आणि नाही विचारलं तर हे असंच.

तेरवीचं वाक्य त्यानं मागे घेतलं नाही. मी वाट पाहतो. सासूनं पोरगा गेल्यावर नारळ वाहिलं, कारण तिला मरणाचं काही कारण पाहिजे होतं. याची माय चुलीपुढं बसल्या बसल्या गेली, त्यालाही काही कारण पाहिजे असेल. हे मला समजते. समजते, पण पचत नाही. कारण पाहिजे होतं तर डॉक्टरच्या गोळ्या होत्या, वय होतं, जन्मभराचा धूर होता. आपल्या मायलाच कायले धरलं?

सुनेनं त्या दिवशीच्या पट्ट्या नागपूरहून जपून आणल्या. तिथं नर्सनं कापून फेकायला दिल्या होत्या, हिनं पिशवीत घातल्या. साबणानं धुऊन अंगणातल्या दोरीवर टाकल्या आहेत. हिरवा काठ नाही त्यांना, तो पोरीनं कापला. डाग गेला नाही. पाहायला येणारे लोक दोरीखालून वाकून आत येतात. कोणी विचारलं हे काय, तर सून म्हणते, सासूबाईचं लुगडं होय.

काल दुपारी पोरगा अंगणात खाटेवर बसला होता आणि बराच वेळ त्या दोरीकडं पाहत होता. मी समोर येऊन बसलो. म्हटलं आता बोलेल. तो म्हणाला, "बाबा, उरलेलं लुगडं कुठं आहे?"

म्हटलं, "पेटीत आहे. कायले?"

"असंच," म्हणाला, आणि कूस बदलून पडला.

मी उठलो, आत गेलो, पेटी उघडून लुगडं पाहिलं, पुढच्या पोळ्याच्या पट्ट्यांना पुरेल एवढं होतं, पेटी बंद केली, पुन्हा ओसरीवर येऊन बसलो.